एका चुलीची माणसे

त्या घरात माणसं तीन होती आणि चुलीही तीन.

पहिली चूल मेट्रनबाईंची. घरही त्यांचंच. चौतीस वर्षं इस्पितळातले वॉर्ड हाकले, निवृत्त झाल्यावर हातात आलं ते सगळं घालून तिसऱ्या मजल्यावरचं हे तीन खोल्यांचं घर घेतलं आणि ओट्यावर दोन बर्नरची शेगडी मांडली. दुसरी चूल क्रेनवाल्यांची. या माणसाने उभा जन्म गोदीत, जमिनीपासून साठ हात उंच बसून लोखंड उचललं. खाली उतरला तेव्हा जमिनीवरच्या माणसांशी बोलायचं कसं हेच विसरला होता. त्यांची विजेची शेगडी बाहेरच्या खोलीत, स्टुलावर. तिसरी चूल जुळारीणबाईंची. एका बर्नरची, बाल्कनीत, पत्र्याच्या पेटीवर. वारा सुटला की ज्योत विझायची, म्हणून बाई एका हाताने भाजी ढवळायच्या आणि दुसऱ्या हाताने छत्री धरायच्या. समोरच्या इमारतीतले लोक बघून हसायचे. बाई छत्री तिरकी करून त्यांना पाठ दाखवायच्या.

छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून त्यांची ओळ जुळवतो तो जुळारी. बाईंनी अडतीस वर्षं खिळे जुळवले. उलटी अक्षरं सुलटी वाचण्यात हयात गेली. मग संगणक आला, खिळे भंगारात गेले आणि बाई घरी गेल्या. घरी म्हणजे भावाकडे.

भावजय वाईट नव्हती असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातंय म्हणायला! ती मारत नव्हती, उपाशी ठेवत नव्हती. फक्त जेवताना डाव हवेत धरून विचारायची, "अजून हवंय का, वन्सं?" त्या 'अजून'ला अशी धार असायची की घास घशात चिरला जायचा. सहा वर्षं बाई "नको, पोट भरलं" म्हणत ताटावरून उठल्या. सहा वर्षं खोटं बोलल्या. ज्याने कधी दुसऱ्याच्या डावाकडे बघत भात खाल्लेला नाही, त्याने म्हातारपणावर प्रवचनं झोडू नयेत.

ही तीन माणसं एकमेकांना भेटली ती हयातीच्या दाखल्याच्या रांगेत. पेन्शन हवी तर वर्षातून एकदा खिडकीपुढे उभं राहून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. चोरांना कुणी असं विचारत नाही, म्हाताऱ्यांना विचारतात. तीन तास रांगेत उभं राहून पाय सुजले तेव्हा मेट्रनबाई म्हणाल्या, "जिवंत असल्याचा कागद तर मिळाला. आता जगायचं कुठे ते बोला. माझ्या दोन खोल्या रिकाम्या आहेत."

जुळारीणबाईंनी एकच अट घातली. "माझी चूल वेगळी."

"घाल गं बाई वेगळी," मेट्रनबाई म्हणाल्या. "नाहीतरी माझ्या हातचं आजवर फक्त पेशंटनी खाल्लंय, आणि तेही त्यांना पळता येत नव्हतं म्हणून."

दीड वर्ष असं बरं चाललं. मग एका सकाळी दाराखालून एक कागद आत सरकला.

मेट्रनबाईंनी चष्मा चढवून मोठ्याने वाचला. इमारतीच्या सेक्रेटरीची नोटीस होती. नियम क्रमांक सातप्रमाणे प्रत्येक सदनिकेत एकाच कुटुंबाने राहावे. आपल्या सदनिकेत परस्परांशी काहीही नाते नसलेल्या तीन व्यक्ती राहत असल्याचे निदर्शनास आले आहे. पंधरा दिवसांनी, रविवारच्या सभेपूर्वी, बाहेरच्या दोघांनी जागा सोडावी.

"कुटुंब?" क्रेनवाले बाहेरच्या खोलीतून ओरडले. साठ हातांवरून बोलायची सवय, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही तळमजल्यापर्यंत जायचं. "अहो, आमचं कुटुंब वारून आठ वर्षं झाली! आता कुठून आणू?"

"बायको नाही हो विचारत तो!" मेट्रनबाई कडाडल्या. "घरची माणसं म्हणतोय. मेल्याला माझं घर हवंय. त्याचा मेहुणा दोनदा विचारून गेला, विकता का म्हणून. दोनदा नाही म्हटलं, म्हणून आता नियम आठवला."

जुळारीणबाईंच्या डोळ्यांपुढे भावाच्या घरातला दारामागचा पलंग आला, आणि हवेत धरलेला डाव. मेट्रनबाईंना घर होतंच, क्रेनवाल्यांना लांबच्या गावी एक मुलगी होती. परत त्या डावाखाली जायचं होतं ते एकट्या त्यांना.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "नियमांचं पुस्तक आहे का?"

"असेल. घराच्या कागदांत. आजवर कुणी उघडलंय?"

पुस्तक निघालं. सोळा पानी, पिवळं पडलेलं, कोपरा वाळवीने खाल्लेला. बाईंनी शेवटचं पान आधी उलटलं, जुळाऱ्याची खोड. तळाशी छापखान्याचं नाव होतं. बाई मटकन खुर्चीत बसल्या. मग सातवं पान उघडलं आणि ओळीवरून बोट फिरवलं. खिळ्यांनी कागदात दाबलेले खड्डे अजून बोटाला लागत होते.

"सदनिकेत एकाच कुटुंबाने राहावे. कुटुंब म्हणजे एका चुलीची माणसे."

"काय गं? भूत बघितल्यासारखा चेहरा का केलास?"

"हे मी जुळवलंय," बाई म्हणाल्या. "आणि हे चुकलंय."

एकोणीस वर्षांच्या होत्या तेव्हा. नोकरीचा दुसरा महिना. घरी आई आजारी, स्वयंपाक करणारं कुणी नाही, तिसरा दिवस नुसत्या चहावर. इमारतीच्या संस्थापकांनी नियम हाताने लिहून दिले होते, अक्षर असं की कोंबडीने शाईत पाय बुडवून नाचावं. त्यांनी लिहिलं होतं, 'एका कुळाची माणसे'. उपाशी पोरीने वाचलं, 'एका चुलीची माणसे'. पोटात जे असतं तेच डोळ्यांना दिसतं. पोटात काही नव्हतं, म्हणून चूल दिसली. मुद्रित, म्हणजे छपाईआधीचा कच्चा कागद, दोन प्रतींत तपासायला गेलं; सही होऊन एक प्रत परत आली, एक त्यांच्याकडेच राहिली. पुस्तकं छापून झाली, सरकारी शिक्का बसला, सभेने हात वर करून नियम मंजूर केले. चूक लक्षात आली ती नंतर, छापखान्याच्या मालकाच्या. त्याने ते पान बाईंच्या डोक्यावर, भिंतीला खिळ्याने ठोकलं. वर्षभर. येणारा-जाणारा वाचायचा आणि विचारायचा, "काय चुलीची, जेवलीस का?" अडतीस वर्षं नोकरी केली, पण छापखान्यात त्यांचं नाव शेवटपर्यंत 'चुलीची'च राहिलं.

मेट्रनबाईंनी मांडीवर थाप मारली. "अगं, मग जिंकलो की आपण! चुलीची म्हणे! छापलंय ते छापलंय!"

"जिंकलो कसले?" बाई चिडल्या. "मोजा की! ओट्यावर एक, स्टुलावर एक, बाल्कनीत एक. या हिशेबाने आपण एक कुटुंब नाही, तीन आहोत!"

हे खरं होतं.

"दोन शेगड्या पलंगाखाली लपवू," क्रेनवाले कुजबुजले. म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंतच ऐकू गेलं.

"एका रविवारचा तर प्रश्न आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "सोमवारी काढू परत."

"नाही." जुळारीणबाई उठून उभ्या राहिल्या. "मी आयुष्यात चुकीचं छापलंय. खोटं छापलेलं नाही. तो सेक्रेटरी मला तोंडावर विचारणार, एका चुलीवर जेवता का, आणि मी हो म्हणणार, तर ते हो खरंच असलं पाहिजे. सहा वर्षं 'पोट भरलं' म्हणत खोटं बोलले. आता नाही बोलायची."

"मग जेव की आमच्याबरोबर! अडवलंय कुणी?"

एवढ्या वर्षांत ही गोष्ट जुळारीणबाईंनी कुणाला सांगितली नव्हती. आता सांगितली, तीही भांडल्यासारखी. भावजय, डाव, 'अजून हवंय का, वन्सं'. ऐकताना मेट्रनबाईंच्या नाकपुड्या फुलल्या. क्रेनवाले खिडकीबाहेर बघत राहिले.

मग ते म्हणाले, "क्रेनवर एक नियम असतो. माल उचलणारा आणि माल मोजणारा वेगळा. उचलणाऱ्याने मोजायचं नाही. आपण तसं करू. शिजवणाऱ्याने वाढायचं नाही. भांडं मध्ये ठेवायचं, डाव भांड्यात. ज्याचं त्याने घ्यायचं."

"आणि कुणी कुणाच्या ताटात बघायचं नाही," मेट्रनबाईंनी जोडलं.

जुळारीणबाईंनी बाल्कनीत जाऊन शेगडी उचलली आणि स्वतः, एकेक पायरी मोजत, तीन मजले खाली उतरून फाटकावरच्या पहारेकऱ्याला देऊन आल्या. लपवलेली वस्तू परत काढता येते, दिलेली येत नाही. वर येताना पहिल्या मजल्यावर थांबून दम घेतला. तिथे सेक्रेटरीच्या दाराला रोजच्यासारखा एक डबा लटकत होता. त्याची म्हातारी आई मागच्या खोलीत राहायची, तिचा तो डबा. बाईंनी डब्याकडे बघितलं आणि पुढे चढू लागल्या.

क्रेनवाल्यांची शेगडी त्यांच्या मुलीला पाठवली गेली.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात जे झालं त्याला स्वयंपाक म्हणणं म्हणजे अन्नाचा अपमान आहे. मेट्रनबाईंच्या भाजीत मीठ नसायचं, क्रेनवाल्यांच्या रश्शात मिरची सोडून दुसरं काही नसायचं.

"हे काय शिजवलंय?" मेट्रनबाई डोळे पुसत विचारायच्या.

"बटाटे."

"बटाट्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"तुमच्या कालच्या सूपपेक्षा बरंय. त्यात चमच्याने ढवळलं तर चमचाच रडला."

जुळारीणबाई भात करायच्या, खिळे जुळवल्यासारखा, शीत न् शीत सुटा. पहिले दोन दिवस त्यांनी चोरट्या हाताने अर्धाच डाव घेतला आणि वर बघितलं. मेट्रनबाई मिरच्या वेचत होत्या, क्रेनवाले मिठाची बाटली शोधत होते. कुणाचंच लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाईंनी पूर्ण डाव घेतला. सहाव्या दिवशी दोन. नवव्या दिवशी भांडं खरवडून काढलं आणि मेट्रनबाई ओरडल्या, "अगं, मला ठेवशील की नाही?" हे वाक्य भावजयीचंही असू शकलं असतं. पण बाई खोखो हसल्या, कारण यात धार नव्हती, नुसती भूक होती.

रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सभा भरली. चोवीस घरांतली माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पुढे टेबल, टेबलामागे सेक्रेटरी, त्याच्यापुढे जाडजूड फाईल. बाजूला मेहुणा, नवा शर्ट घालून. पहिल्या रांगेत सेक्रेटरीची आई, काठीवर हनुवटी टेकून.

"विषय साधा आहे," सेक्रेटरी म्हणाला. "एक पुरुष, दोन बायका, नातं काही नाही. इमारतीत लेकीसुना राहतात. लोक काय म्हणतील?"

"आमचे तिघांचे मिळून सहा गुडघे आहेत," मेट्रनबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "या घरात तेवढेच वाजतात. दुसरं काही वाजत नाही."

हॉल फुटला. सेक्रेटरी लाल झाला. "तीन तिघाडा, काम बिघाडा! नियम तो नियम."

"मग नियम वाच," जुळारीणबाई म्हणाल्या.

"अहो आजी, तुम्ही बसा..."

"आजी तुझ्या घरी. माझ्या नातवंडांत तू नाहीस, असतास तर वाचायला शिकला असतास. सात नंबर. मोठ्याने."

सेक्रेटरीने पुस्तक उघडलं. "एकाच कुटुंबाने राहावे. कुटुंब म्हणजे एका चु..." तो थांबला. त्याने तो नियम कधी पुरता वाचलाच नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, "पुढे वाचा की!"

"एका चुलीची माणसे," बाईंनी पुरं केलं. "आमची चूल एक आहे. या वर आणि बघा."

सगळी सभा जिना चढली. सेक्रेटरीने पलंगाखाली वाकून बघितलं, कपाट उघडलं, संडासातही डोकावला. ओट्यावर एक शेगडी, शेगडीवर एक भांडं. बाल्कनीतल्या पत्र्याच्या पेटीवर मात्र त्याला एक गोल, स्वच्छ डाग सापडला.

"इथे शेगडी होती!"

"होती," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत. तोवर तुझी नोटीस बरोबर होती. आता ती शेगडी फाटकावर आहे. जाऊन हात लाव, पहारेकऱ्याच्या चहाने गरम असेल."

खाली परतल्यावर सेक्रेटरीने शेवटचा डाव टाकला. फाईल भराभर चाळून एक जुना हस्तलिखित कागद वर धरला. "ही छपाईची चूक आहे! माझ्या वडिलांचं हे अक्षर. त्यांनी 'कुळाची' लिहिलंय. कुठल्या तरी अडाणी कामगाराने..."

"कुठल्या तरी नाही," बाई म्हणाल्या, आणि उभ्या राहिल्या. "माझ्या हातून. मी जुळवलं हे पुस्तक. एकोणीस वर्षांची होते, तीन दिवस उपाशी होते, तुझ्या वडिलांच्या अक्षरात मला कूळ दिसलं नाही, चूल दिसली. चूक माझी आहे. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत सांगते."

मेहुणा हसू लागला. मेट्रनबाईंनी डोळे मिटून घेतले.

"संपलं तर मग," सेक्रेटरी म्हणाला.

"नाही संपलं. तुझ्या पंजाखाली अर्धा झाकलेला दुसरा कागद आहे, तो दाखव."

"कुठला कागद?"

"छापील. सातव्या पानाचं मुद्रित. मला इथून उलटं दिसतंय, पण मी जन्मभर उलटंच वाचलंय. तळाशी शाईने लिहिलंय, 'वाचले, मंजूर'. खाली तुझ्या वडिलांची सही. हात काढ."

सेक्रेटरीने हात काढला नाही. क्रेनवाले पुढे झाले, दोन बोटांनी त्याचं मनगट उचललं, मालासारखं, अलगद, आणि बाजूला ठेवलं. कागद तिथे होता. मेट्रनबाईंनी तो साऱ्या सभेला वाचून दाखवला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली काठी जमिनीवर आपटली. सेक्रेटरीची आई हसत होती, अंग हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "वाचले म्हणे! ते कधी काही वाचायचेच नाहीत रे. मी माहेराहून पत्र पाठवलं, पोटात दुखतंय म्हणून, तर उत्तर आलं, 'वाचले, मंजूर'!"

हशा ओसरेपर्यंत सेक्रेटरीला सुचलं. "ठीक. मग आत्ता नियम बदलू. चुलीच्या जागी कुळाची. दोनतृतीयांश हात लागतात. करा वर."

"आधी एक ऐका," जुळारीणबाई सभेकडे वळल्या. "कुळाची म्हटलं की कोण कोण बाहेर जातं ते बघा. दुसऱ्या मजल्यावरची ती दत्तक मुलगी जाते. चौथ्या मजल्यावर सून सावत्र सासूला सांभाळते, ती सासू जाते. आणि चुलीची म्हटलं तर या इमारतीतून एकच माणूस जातं." त्यांनी काठीकडे बोट दाखवलं. "हिचा डबा रोज बाहेरून येतो आणि दाराला लटकतो. पोटच्या पोराच्या घरात हिची चूल वेगळी. आता तुमचं तुम्ही ठरवा, कुटुंब कोण ते."

म्हातारीने मान हलवली. "घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पोरी. माझ्या घरी तीही नाही. पत्र्याचा डबा आहे."

सेक्रेटरीने आपला हात वर केला. मेहुण्याने केला. तो सभासद नव्हता. तिसरा हात आलाच नाही. दत्तक मुलीचा बाप हाताची घडी घालून असा बसला होता की पहारीनेही उघडली नसती.

"तीन तिघाडा म्हणालास ना?" क्रेनवाल्यांचा आवाज छताला लागून परत आला. "अरे, तीन दगड असल्याशिवाय चूल उभी राहते का कधी? दोनांवर भांडं कलंडतं!"

टाळ्या पडल्या. नंतर फाटकावरचा पहारेकरी शपथेवर सांगत होता की त्याच्या चहाच्या कपात तरंग उठले.

दुपारी जेवायला चौघं बसले. म्हातारी आपला चमचा घेऊन काठी टेकत तीन मजले चढून आली होती. दाराला लटकलेल्या डब्याला तिने जाता जाता काठीने एक टोला हाणला, तो आवाज सगळ्या जिन्याने ऐकला. भांडं मध्ये होतं. रस्सा क्रेनवाल्यांचा, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कशाचं हे विचारायची सोय नव्हती.

दाराशी सेक्रेटरी आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "आई, चल. लोक बघतायत."

"जेवण होऊ दे."

तो गेलाही नाही, आत आलाही नाही. जुळारीणबाईंनी त्याला थोडा वेळ तसाच तिष्ठत ठेवला. उगाच मोठेपणा दाखवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मग पायाने एक स्टूल पुढे सरकवलं.

"भूक असेल तर बस. ताट तिकडे आहे. इथे कुणी वाढत नाही, आपलं आपण घ्यायचं."

संध्याकाळी बाईंनी नियमांच्या पुस्तकातलं सातवं पान सोडवलं आणि क्रेनवाल्यांच्या हातात एक खिळा दिला.

"कुठे ठोकू?"

"शेगडीच्या वर. सगळ्यांना दिसेल असं."

त्यांनी ठोकला. मेट्रनबाई लांबून बघून म्हणाल्या, "सरळ आहे."

"सरळ कुठे? डावीकडून सूतभर खाली आलंय," जुळारीणबाई म्हणाल्या. "काढा. परत ठोका."